किनाऱ्यावरच्या मलवाहिनीचे उरलेले आयुष्य तिच्या वयावरून सांगता येईल का?

आपल्या किनारी नगरपरिषदेकडे मलवाहिन्या टाकल्याची वर्षे नोंदलेली आहेत. तेवढ्यावरून कोणती वाहिनी कधी बदलावी लागेल हे ठरवता येईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते नुसत्या वयावर बांधलेला अंदाज कोकणात टिकणार नाही.

मी मलवाहिन्यांच्या पाहणीचे काम करतो. खाडीलगतच्या एका मॅनहोलमध्ये, पंपाने चढवलेले सांडपाणी जिथे उताराच्या वाहिनीत पडते तिथे, वरूनच लांब सळईने काँक्रीटच्या पाइपाचा माथा खरवडला, तर पांढरा मऊ लगदा सुटून आला; पाण्याखालचा तळ मात्र शाबूत होता. सांडपाणी तुंबून त्यातला प्राणवायू संपला की जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, आणि माथ्यावरच्या ओलीत दुसरे जिवाणू त्याचे गंधकाम्ल करून सिमेंट पोखरतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २७०० मिलिग्रॅम सल्फेट असते. त्यामुळे खाजणातल्या एखाद्या सैल सांध्यातून भरतीचे पाणी आत शिरू लागले की त्याची झळ पुढच्या धडधाकट वाहिनीलाही बसते, आणि हे टाकल्याच्या वर्षावरून कळत नाही.

म्हणून पाइपाचा प्रकार, उतार, भरतीच्या पातळीच्या तुलनेत खोली आणि पंपिंग स्टेशनपासूनचे अंतर एवढे तरी नोंदवावे. पावसाळा संपल्यावर, उधाणाच्या दिवसांत मध्यरात्रीच्या सुमारास येणाऱ्या भरतीच्या वेळी मॅनहोलमधला प्रवाह व खारटपणा मोजावा. घरोघरचे नळ बंद असतानाही दोन्ही वाढले, तर सांधे उघडले आहेत असे समजावे. हे मोजमाप स्वस्त आहे आणि मी त्याला फार महत्त्व देतो.

त्यानंतर सारख्या वाहिन्यांचे गट करून कॅमेऱ्याने पाहणी करावी व प्रत्येकीला एक ते पाच अशी श्रेणी द्यावी. एकाच पाहणीतून आजची स्थिती कळते, झिजेचा वेग कळत नाही. त्यासाठी काही वर्षांनी त्याच वाहिन्या पुन्हा पाहाव्या लागतात. त्यातून एका श्रेणीतून पुढच्या श्रेणीत घसरण्याची शक्यता काढता येते, पण ती गटाला लागू असते, एकेका पाइपाला नव्हे.

बदललेल्या वाहिन्यांच्या नोंदी मात्र कृपया रद्द करू नका. त्या गेल्या की वहीत फक्त तगलेल्या वाहिन्या उरतात आणि सगळेच पाइप दीर्घायुषी असल्याचा निष्कर्ष निघतो.