भावाने घराची पाटी बदलली. माझा हिस्सा गेला का?

प्रश्न: वडिलांनी 1987 मध्ये कराडला नोकरीच्या पैशातून प्लॉट घेऊन घर बांधले आणि आईच्या नावावरून ‘सुमन’ असे नाव दिले. तीन वर्षांपूर्वी ते गेले, मृत्युपत्र नाही. आई आणि भाऊ-वहिनी तिथे राहतात, मी सांगलीला असते. यंदा दिवाळीला गेले तर फाटकावरची काळ्या दगडाची पाटी काढून ‘साई वैभव’ अशी नवी लावलेली. आईलाही विचारले नव्हते, तिला ते फार लागले आहे. भाऊ म्हणतो, घरपट्टी मी भरतो, नाव मीच ठरवणार. काका म्हणतात, तुझे लग्न 1991 चे, 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलींना हक्कच नाही. नाव बदलले की मालकी बदलते का? जुनी पाटी परत लावून घेता येईल का?

उत्तर: ताई, पाटी बदलल्याने तुमचा हिस्सा एका इंचानेही कमी झालेला नाही. स्वतंत्र बंगल्याला काय नाव द्यावे यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. (गृहनिर्माण संस्थेचे तसे नसते. तिथे नाव बदलायचे तर उपविधी दुरुस्त करावे लागतात, त्यासाठी सर्वसाधारण सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सभासदांची संमती आणि निबंधकांची मंजुरी लागते.) कायद्याच्या लेखी तुमचे घर म्हणजे सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा. मोतीलाल नेहरूंनी 1930 मध्ये अलाहाबादचे जुने ‘आनंद भवन’ काँग्रेसला दिले तेव्हा ते ‘स्वराज भवन’ झाले आणि ‘आनंद भवन’ हे नाव शेजारच्या नव्या घराला मिळाले. नाव असे इकडून तिकडे जाते. जमिनीचा नंबर जागचा हलत नाही.

काकांच्या बोलण्याला एक जुना आधार आहे, पण तो तुम्हाला लागू नाही. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला आणि त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. पुढे 2005 ची केंद्राची दुरुस्ती आणि 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा प्रकरणातला निकाल आल्यावर तो अडसरही राहिला नाही. मुळात तुमचे घर वडिलांच्या स्वकष्टार्जित पैशाचे. तिथे हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 चे कलम 8 लागते आणि त्यात मुलीच्या लग्नाच्या तारखेला काहीच स्थान नाही. आजी, म्हणजे वडिलांची आई, हयात नाहीत असे धरले तर आई, भाऊ आणि तुम्ही, प्रत्येकी एक तृतीयांश. भाऊ घरपट्टी भरतो हे चांगलेच आहे. हिशेबाच्या वेळी तो तुमच्या वाटणीची रक्कम मागू शकेल, मालकी सांगू शकणार नाही.

मला काळजी वाटते ती पाटीमागे काही कागद हललेत का याची. म्हणून आधी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जागेची सरकारी नोंद) काढा, ऑनलाइनही मिळते. वारस म्हणून तिघांची नावे लागली आहेत का ते बघा. एकट्या भावाचेच नाव लागले असेल तर त्या फेरफाराची, म्हणजे नोंदीतल्या बदलाची, प्रत घ्या, तो कशाच्या आधारे झाला आणि तुम्हाला नोटीस निघाली होती का ते तपासा आणि अपील करा. मुदत साधारण 60 दिवसांची असते. ती टळली असेल तर उशिराचे कारण देऊन माफीचा अर्ज जोडावा लागतो. घाबरू मात्र नका. फेरफाराने मालकी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. त्याबरोबर दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घ्या. बक्षीसपत्र, गहाणखत किंवा तुमच्या अथवा आईच्या सहीचे हक्कसोडपत्र नोंदले गेले आहे का, ते त्यातून कळेल. ‘बँकेच्या कामासाठी’ म्हणून आईचा अंगठा किंवा सही कुठे घेतली होती का, हे तिला एकटीला, शांतपणे विचारा.

आता पाटी. एक सहमालक बाकीच्यांना न विचारता असे बदल करू लागला तर हरकत घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. पण स्पष्टच सांगते, फक्त पाटीसाठी दावा लावला तर कोर्ट मनाई हुकूम देईल अशी आशा मी दाखवणार नाही. पोलिसातही जाऊ नका. दिवाणी वाद म्हणून ते परत पाठवतील आणि घरातला अबोला तेवढा वाढेल. तरीही गप्प बसू नका. एका सहमालकाचा ताबा तो सगळ्यांचा ताबा, असा कायदा आहे. पण ‘मी उघडपणे बहिणीचा हक्क नाकारला, 12 वर्षे ती काही बोलली नाही’ असा बचाव पुढे घेतला जातो, आणि त्या वेळी नवी पाटीसुद्धा पुराव्यात दाखवली जाते. म्हणून भावाला स्पीड पोस्टाने, पोच मागून, एक साधे पत्र पाठवा: ‘सिटी सर्व्हे नंबर अमुक येथील, पूर्वी ‘सुमन’ व आता ‘साई वैभव’ अशी पाटी असलेल्या घरात आई, तू आणि मी समान सहमालक आहोत. नाव बदलण्यास आईची व माझी संमती नव्हती. आमच्या लेखी संमतीशिवाय घर विकू, गहाण ठेवू वा त्यात फेरबदल करू नये.’ दोन्ही नावे लिहायची, म्हणजे ‘ते घर हे नव्हेच’ असे म्हणायला जागा राहत नाही. दगडी पाटी फोडू नका, ती आईच्या ताब्यात द्या, असेही त्यात लिहा. ती वडिलांची जंगम वस्तू आहे. तिच्यावरही तिघांचा हक्क आहे.

भावाने हिस्साच नाकारला तर वाटपाचा दावा हा खरा उपाय. त्यातच विक्री आणि गहाणाविरुद्ध तात्पुरती मनाई मागता येते. महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, तेव्हा खर्चाच्या भीतीने मागे हटू नका. तडजोड होत असेल तर उत्तमच, आणि नावाचा मुद्दा तिथेच सुटू शकतो: आईच्या हयातीत ‘सुमन’ हेच नाव राहील, असे कौटुंबिक व्यवस्थापत्रात लिहून ते नोंदवून घ्या. मात्र हिश्श्याचे पैसे घेऊन तुम्ही घर पूर्णपणे भावाला दिलेत, तर पुढे नाव काय ठेवायचे ते तोच ठरवेल.

यात सगळ्यात जास्त दुखावली आहे ती आई. तिचा एक तृतीयांश हिस्सा पूर्णपणे तिचा आहे; त्याचे मृत्युपत्र तिला हवे तसे करता येते. घरात तिला त्रास होत असेल तर ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, त्यासाठी वकील लागत नाही.

पत्रात भरायचा नंबर मिळकत पत्रिकेवरच सापडेल, तेव्हा सुरुवात तिथून करा. आणि हे सगळे मार्गी लागेपर्यंत ‘भाऊबीज म्हणून सही कर’ असे कोणी म्हटले तरी हक्कसोडपत्रावर सही करू नका.