बायोस अपडेट मारायच्या आधी सेटिंग सेव्ह कर

हे बघ, सर्व्हरच्या फर्मवेअरची (बायोससारख्या, हार्डवेअरमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरची) फाईल आणि सेटिंगची फाईल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बायोसची सेटिंग वेगळी, बीएमसीची (सर्व्हर लांबून सांभाळणारी बोर्डावरची वेगळी चिप, म्हणजे डेलची आयडीआरएसी, एचपीईची आयएलओ वगैरे) वेगळी, त्यामुळे एकाचा बॅकअप घेतला म्हणजे दुसऱ्याचा झाला असं धरून चालू नकोस. डेलवर सर्व्हर कॉन्फिगरेशन प्रोफाईल (सर्व्हरच्या सेटिंगची एकत्र यादी) एक्सपोर्ट केलं की एक्सएमएल किंवा जेसन फाईल मिळते, ती नुसती ठेवून देऊ नको, उघडून वाच, साधा टेक्स्टच असतो तो.

बूट मोड यूईएफआय (नवी पद्धत) आहे की लेगसी (जुनी), साटा (डिस्कची जोडणी) एएचसीआय (डिस्क सुट्या) की रेड (अनेक डिस्क एकत्र बांधलेल्या), व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का, बूट ऑर्डर, एवढं नीट बघून घे कारण यातलं एखादं डिफॉल्टला गेलं तर ओएस बूटच होत नाही किंवा व्हर्च्युअल मशीन चालत नाहीत, असं होऊ शकतं आणि आपण उगाच डिस्कला दोष देत बसतो. फाईलच्या नावात सर्व्हिस टॅग (डेलचा मशीन नंबर), तारीख आणि बायोस व्हर्जन टाक. जुन्या व्हर्जनची फाईल नव्या बायोसवर कधीकधी अर्धवटच लागते, म्हणून रिस्टोअर केल्यावर परत एक्सपोर्ट काढून दोन्ही फाईली डिफ करून (फरक काढून) बघच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. क्लोन मोडमध्ये (तीच रचना दुसऱ्या सर्व्हरवर उतरवायला) काढलेली फाईल डोळे झाकून इम्पोर्ट करू नको, त्यात रेड रीसेटची (डिस्कची रेड रचना पुसणारी) ओळ चालू असू शकते आणि मग डेटा गेलाच समज, मला तर वाटतं फक्त बायोसचाच भाग इम्पोर्ट करावा. पासवर्ड सहसा फाईलमध्ये येत नाहीत, ते वेगळे जपून ठेव, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी घे, मगच रीबूट.