खिद्रापूरला जायचे ते पौर्णिमेलाच का?

प्रश्न : माझ्या ७२ वर्षांच्या आईला कोल्हापूर जिल्ह्यातील खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर पाहण्याची फार इच्छा आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्रीच जावे, असे सगळे सांगतात. परंतु तिचे गुडघे दुखतात आणि तिला गर्दी सोसत नाही. पुण्याहून कधी व कसे जावे?

उत्तर : पौर्णिमेचा आग्रह सोडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या रात्रीचे महत्त्व खोटे नाही. कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास या भागात जवळजवळ डोक्यावर येतो आणि मंदिराच्या पुढच्या भागातील खुल्या मंडपाच्या, म्हणजे स्वर्गमंडपाच्या, छतातील गोल झरोक्यातून त्याचा प्रकाश थेट खालच्या वर्तुळाकार शिळेवर उतरतो. मात्र त्यासाठी अपरात्री, गर्दीत, दगडी फरशीवर ताटकळावे लागते, आणि शिल्पे तर अंधारातच राहतात.

त्याऐवजी डिसेंबर किंवा जानेवारीतील एखादा साधा दिवस निवडावा आणि सकाळी लवकर पोहोचावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने उन्हाचा कवडसा मधल्या शिळेवर न पडता कडेच्या खांबांवरून हळूहळू सरकत जातो. आईंना एका जागी बसवून तो अर्धा तास पाहू द्यावा. झरोक्याभोवती आपापल्या वाहनांवर आरूढ झालेले दिक्पाल, म्हणजे दिशांचे रक्षक देवही, तेथूनच दिसतात. गाभाऱ्याकडे जाताना आत अंधार असतो, उंबरे ओलांडावे लागतात. तेथे हात धरावा. बाहेरून फेरी मारताना पायथ्याच्या गजपीठावरील हत्ती जवळून पाहावेत. अनेक मूर्ती भंगलेल्या आहेत, हे आईंना आधीच सांगून ठेवलेले बरे.

शिलाहार राजांच्या काळातील या मंदिराला, त्यांचे राज्य जिंकणाऱ्या यादव राजा सिंघणाने १३व्या शतकाच्या आरंभी दान दिले. तो शिलालेख दक्षिणेच्या बाजूस आहे. समोर नंदी नाही म्हणून चुकल्यासारखे वाटेल. दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली, म्हणून येथे कोपलेला शंकर एकटाच राहिला, आणि त्याची समजूत घालणारा विष्णू धोपेश्वर म्हणून शेजारीच लिंगरूपाने आहे, अशी कथा सांगतात.

रेल्वेने आल्यास जयसिंगपूर स्थानकावर उतरून पुढे गाडी ठरवावी. शिरोळ, नृसिंहवाडी, कुरुंदवाड असा रस्ता आहे. आदल्या रात्री नृसिंहवाडीला मुक्काम केल्यास दत्तदर्शनही घडते आणि सकाळचा प्रवास थोडकाच उरतो. (बासुंदी परतीच्या वेळी घ्यावी, नाहीतर मंदिरापेक्षा तिचीच काळजी वाहावी लागते.) पावसाळ्यात मात्र जाऊ नये, कारण गाव कृष्णेच्या अगदी काठावर आहे आणि २०१९ च्या महापुरात पाणी मंदिरातही शिरले होते. फरशी सकाळी गार आणि दुपारी तापलेली असते, तेव्हा आईंसाठी जाड पायमोजे आठवणीने घ्यावेत.