मुलगा मारामारीचे गेम खेळतो, पुढे गुंड होईल का हो?

आई-बाबा अगदी ह्याच शब्दात विचारतात. मध्यंतरी नाशिकच्या सिडकोतलं एक जोडपं माझ्याकडे सल्ल्यासाठी आलं होतं (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात). मुलगा सातवीत, बाबा अंबडला कंपनीत शिफ्टला, आई घरी ब्लाऊज शिवते. शाळेतून तक्रार आली की मधल्या सुट्टीत एकाला ढकललं, आणि तोंडात सारखं "उडवतो तुला".

आईला आधी धीर दिला. नुसत्या गेममुळे मूल गुन्हेगार होतं असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2020 मध्ये हेच म्हटलं, पण ओरडणं, ढकलाढकली अशा वागण्याशी हिंसक गेमचा थोडा का होईना संबंध दिसतो हेही त्यांनीच सांगितलंय. त्यामुळे घाबरून जाऊ नका, पण "पोरंच ती, खेळू दे" म्हणून सोडूनही देऊ नका.

मग मुलाला म्हटलं, मला खेळून दाखव. त्याने आईच्याच मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम उघडला आणि इतक्या उत्साहाने समजावायला लागला, "मॅडम, डोक्यात गोळी लागली की लगेच मरतो, पायाला लागून उपयोग नाही." आई बघतच राहिली, कारण गेम कित्येक महिने तिच्याच फोनमध्ये होता आणि तिने तो पहिल्यांदा पाहिला. हाच गेम 2023 मध्ये परत सुरू झाला तेव्हा 18 च्या आतल्या मुलांना दिवसाला 3 तासांची मर्यादा घातली होती, पण इथे अकाउंट बाबांच्या नावाने, मग कसली मर्यादा! नाशिकरोडला मामाकडे गेला की कॉम्प्युटरवर जीटीए फाइव्ह हा गुन्हेगारीवरचा गेम, ज्याला युरोपात 18 च्या पुढचं रेटिंग आहे, आणि ते लावून कोण देतं तर मामाच. रात्री बाबा हॉलमध्ये वेबसिरीज लावतात, खून, शिव्या सगळं, आणि पोरगा शेजारी झोपेचं सोंग घेऊन बघतो. 2021 च्या नियमांनुसार ओटीटीवर वयाचा शिक्का असतो, 13+ आणि त्यापुढच्या कार्यक्रमांना पॅरेंटल लॉकची सोय द्यावी लागते, पण ते लॉक लावणार कोण?

मला मनापासून वाटतं की इथे मुलाला दोष देणं अन्यायाचं आहे, फोन आपण दिला, अकाउंट आपलं, टीव्ही आपण लावला. बाबांना हे बोलले तेव्हा ते आधी चिडले, "दमून येतो मी, घटकाभर टीव्ही पण बघू नको का?" बघा ना, पण तो झोपल्यावर, आत, हेडफोन लावून.

ठरलं ते एवढंच: मुलाच्या खऱ्या जन्मतारखेचं वेगळं गुगल अकाउंट आणि त्यावर फॅमिली लिंक (मुलाच्या फोनवर पालकांना लक्ष आणि मर्यादा ठेवता येणारं गुगलचं अ‍ॅप), फोन हॉलमध्येच वापरायचा, आणि रविवारी बाबांनी शेजारी बसून तो काय खेळतो ते बघायचं, लेक्चर न देता. मामाला फोन आईने केला, थोडं वाजलं पण ऐकलं त्याने.

पहिले काही दिवस पोरगा जेवणावर रुसला, आदळआपट केली. तेवढं होतंच, त्या रडारडीला घाबरून लगेच फोन परत देऊ नका. "उडवतो तुला" कमी झालंय, गेलं नाहीये अजून. मात्र झोप, अभ्यास, मित्र सगळं सुटून महिनोन्‌महिने फक्त गेमच चालू असेल तर थांबू नका, जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर आजारांच्या यादीत घेतलाय, अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.