नाना, एक विचारू का?

या महिन्यात विषय होता बाळंतपण, गर्भपात आणि त्यावरचा कायदा. वाचकांनी विचारायचं आणि आपले माजी आमदार नाना यांनी उत्तर द्यायचं. पत्र लिहिणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत.

नाना म्हणतात: पत्रांचा गठ्ठा आधी आमच्या सौभाग्यवतींनी वाचला, ती जन्मभर सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, तेव्हा खाली कुठे मी फार शहाण्यासारखं बोललोय असं वाटलं तर ते तिचं समजा.

प्रश्न: नाना, मला दोन मुलं आहेत, कॉपर टी बसवलेली असून दिवस गेलेत, दहावा आठवडा चालू आहे. मिस्टर दुबईला. हॉस्पिटलवाले म्हणतात मिस्टरांची सही आणा नाहीतर सासूबाईंना तरी घेऊन या. कायद्यात असं आहे का? – नाशिकरोड

नाही ताई. बाई १८ वर्षांच्या वरची असेल आणि मानसिक आजार नसेल तर सही फक्त तिची लागते, फॉर्म सी म्हणतात त्याला. नवऱ्याची नाही, सासूची नाही, सासऱ्याची तर नाहीच नाही. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं आणि साधन फेल गेलं हे कारण कायद्यातच लिहिलेलं आहे. २०२१ च्या दुरुस्तीत तिथला 'विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा' हा शब्दप्रयोग काढून 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' केलाय, म्हणजे लग्नाचाही संबंध ठेवला नाही. एका नवऱ्याने बायकोने न विचारता गर्भपात केला म्हणून तिच्यावर आणि डॉक्टरांवर भरपाईचा दावा लावला होता, तो २०१७ साली सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन फेटाळला गेला.

मग सही का मागतात? उद्या नवरा येऊन दवाखान्यात राडा करेल ही भीती, दुसरं काही नाही. डॉक्टरांची भीती मला समजते पण तिचं ओझं तुम्ही का उचलायचं. दुसरीकडे जा, सरकारी चालेल. आणि ही सांगते, कॉपर टी असताना दिवस राहिले की गर्भ पिशवीत आहे की नळीत ते सोनोग्राफीत आधी बघावं लागतं, तेवढं उद्याच करा, मेडिकलमधून गोळ्या आणून घरी प्रयोग करू नका.

प्रश्न: माझी मुलगी टेक्सासला असते. तिकडे म्हणे आमदार लोकच ठरवतात गर्भपात करायचा की नाही. तुम्ही पंधरा वर्षं विधानसभेत बसलात, तुम्ही या विषयावर काय केलंत? – निवृत्त शिक्षक, सिन्नर

सर, तुम्ही छडी मारली तरी नीट जागेवर मारता. सांगतो.

तिकडे २४ जून २०२२ ला त्यांच्या सुप्रीम कोर्टाने १९७३ पासून चालत आलेला हक्क काढून घेतला आणि म्हणालं, ज्या त्या राज्याने आपलं बघावं. टेक्सासने तर त्याआधीच, सप्टेंबर २०२१ ला, साधारण सहा आठवड्यांनंतर बंदी घातली होती, आणि गंमत म्हणजे केस पोलिसांनी नाही तर कुणीही परक्या माणसाने करायची, जिंकला तर निदान १० हजार डॉलर. आपल्या गल्लीत असा कायदा आला तर काय होईल विचार करा! ऑगस्ट २०२२ पासून तर जवळपास पूर्णच बंदी. आणि त्याच देशात कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी लोकांचं मत घेऊन हा हक्क राज्याच्या घटनेत लिहून टाकला. एका राज्यात गुन्हा, दुसऱ्यात हक्क.

आपल्याकडे तसं नाही. आपला कायदा दिल्लीचा, १९७१ चा, सगळ्या राज्यांना एकच. तो ज्या समितीच्या अहवालावरून आला तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह मात्र आपल्या महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते, हे आमच्या सभागृहातही फार जणांना माहीत नाही. म्हणजे आमदाराला आठवडे वाढवता येत नाहीत, कमीही करता येत नाहीत, आणि खरं सांगू का, मला त्याचं बरंच वाटतं. आमच्या लॉबीत चहा पिताना बायकांच्या विषयावर जे विनोद चालायचे ते ऐकलेला माणूस हे अधिकार आम्हाला द्या असं म्हणणार नाही.

पण म्हणून आपला कायदा हक्काचा आहे असंही समजू नका सर. गर्भपात हा आजही मूळ गुन्हाच, आधी दंडसंहितेत होता, जुलै २०२४ पासून न्यायसंहितेच्या ८८ व्या कलमात आहे, त्यात ती बाई स्वतःसुद्धा येते. १९७१ चा कायदा त्यातून सूट देतो आणि ती सूट डॉक्टरच्या मतावर आहे. बाईने 'मला नको' म्हटलं एवढं पुरत नाही. २४ आठवड्यांच्या पुढे तर गर्भात मोठं व्यंग असेल तरच मेडिकल बोर्ड बघतं, बाईचा जीव धोक्यात असेल ती गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी कोर्टाची पायरी चढायची, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये २६ आठवड्यांच्या एका बाईला, पदरात दोन लहान पोरं असताना, सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं.

आता माझं. दवाखाने हा विषय राज्याचा, तिथे आमदाराला पळवाट नाही. मी एका ग्रामीण रुग्णालयासाठी भांडून सोनोग्राफी मशीन आणलं, नारळ फोडला, पेढे वाटले, पेपरात फोटो. ते चालवायला डॉक्टर मिळाला नाही. दोन वर्षं त्यावर प्लास्टिक होतं. तारांकित प्रश्न विचारला, 'पद भरण्याची कार्यवाही सुरू आहे' असं छापील उत्तर आलं आणि मी गप्प बसलो, कारण त्याच आठवड्यात रस्त्याचं काम मंजूर करून घ्यायचं होतं. हे केलं मी.

प्रश्न: मी तिसऱ्यांदा गरोदर आहे. गावात सरपंचपद महिलेसाठी निघालंय. सासरे म्हणतात तिसरं झालं तर उभं राहता येणार नाही, मोकळी हो. मला मूल हवंय. – निफाड तालुका

ताई, सासऱ्यांचा नियम बरोबर आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपी, सगळीकडे बाद. हा नियम मात्र आमचा, राज्याचा, आम्हीच हात वर करून केलेला. आणि आता ऐका, आमदाराला तो लागू नाही! माझी तीन मुलं, धाकटा २००४ चा. म्हणजे मी गावचा पंच होऊ शकत नव्हतो आणि पंचांसाठी कायदे मात्र करत होतो. सभागृहात हे बोललो तर सगळे हसले, मीही हसलो, पुढचा विषय सुरू झाला.

वर आपणच ५० टक्के जागा बायकांना राखीव ठेवल्या. मग खुर्ची बाईची आणि तिच्यासाठी पोट मोकळं करायचं तेही बाईनेच. माझ्या मते हा नियम जायला हवा. पण तो जाईल तेव्हा जाईल, तुमचे महिने थांबणार नाहीत. सासऱ्यांना एवढं वाचून दाखवा: बाईच्या इच्छेविरुद्ध गर्भपात केला तर न्यायसंहितेच्या ८९ व्या कलमाने दहा वर्षांपर्यंत कैद, किंवा जन्मठेपसुद्धा. सरपंचपद पाच वर्षांचं असतं.

प्रश्न: सुनेला दोन मुलीच. मुलगा की मुलगी हे कुठे बघून मिळेल तेवढं सांगा, बाकी काही नको. – सातपूर

आजी, हे विचारत फिरणं हाच गुन्हा आहे, पहिल्याच खेपेला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. आणि सुनेवर घरच्यांचा दबाव होता असंच कायदा धरून चालतो, म्हणजे पहिल्या तुम्ही. देशात असा कायदा सगळ्यात आधी आपल्या राज्याने केला, १९८८ ला.

एक कबुली देतो. गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या मोहिमेत मी तालुकाभर फ्लेक्स लावले होते, 'गर्भपात महापाप, गर्भपात गुन्हा', वर माझा हात जोडलेला फोटो. बायको म्हणाली, अहो गुन्हा लिंग बघण्याचा आहे, तुम्ही सगळ्याच बायकांना घाबरवताय. काढले नाहीत, खर्च झाला होता ना. पावसाने फाटले तेव्हाच गेले.

प्रश्न: मी आशा सेविका आहे. पाड्यावरची मुलगी १६ वर्षांची, लग्न लावून दिलंय, २१ वा आठवडा. तालुक्याचे डॉक्टर म्हणतात पोलीस केस आहे, आमच्याकडे नको. आईबापही घाबरलेत. – सुरगाणा

ताई, आधी मुलीला एकटीला विचारा तिला काय हवंय, सासूसमोर नाही.

तिला नको असेल तर कायद्याने वेळ आहे. ज्यांना २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो त्या यादीत १८ च्या आतली मुलगी येते, दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि आई किंवा वडिलांची सही. पोलिसांना कळवणं डॉक्टरला भाग आहे ते खरंय, पण २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मुलगी आणि पालक म्हणाले तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव-गाव द्यायची गरज नाही. तारीख कागदावर लिहून न्या, डॉक्टरांना दाखवा, कित्येकांना हे ठाऊकच नसतं. तिचं नाव बाहेर फोडलं तर एक वर्षापर्यंत कैद आहे हेही सांगा.

तालुक्यात वाद घालत बसू नका, सरळ नाशिकला सिव्हिलला आणा. २१ चे २४ व्हायला वेळ लागत नाही, एक दिवस सोनोग्राफीत जातो, एक दिवस साहेब मीटिंगला असतात. पहिली एसटी पकडा, आईला सोबत घ्या, मुलीचा वयाचा दाखला घ्या. सौभाग्यवती स्टँडवर उभी राहील म्हणाली, तिचा नंबर संपादकांकडून घ्या. माझा घेतलात तरी फोन तीच उचलते.