प्रवासाला नेण्याजोगा रॉड : आधी सांधे बघा

प्रश्न : घरी माझ्याकडे मासे गरवायचा आठ फुटी, दोन तुकड्यांचा स्पिनिंग रॉड आहे. सुट्टीत घरच्यांबरोबर समुद्रकाठी जायचं ठरलंय, पण एवढा लांब रॉड विमानात नेणं जमणार नाही. किनाऱ्यावरून, खडकांवरून आणि खाडीच्या तोंडाशी गरवायचा विचार आहे. मुख्यतः लूर (नकली आमिष) टाकीन, जमलं तर खरं आमिषही. दोन रॉड पाहून ठेवलेत : एक सात फुटी टेलिस्कोपिक, दुमडला की हातभर होतो, दुसरा तेवढ्याच लांबीचा, पण चार तुकड्यांचा. दोन्हींवर १० ते ३० ग्रॅम लिहिलंय. टेलिस्कोपिक कुठेही मावेल म्हणून मन तिकडे ओढतंय. शिवाय तुकड्यांचा रॉड सांध्यात मोडतो, असं एका मित्राचं म्हणणं. कोणता घेऊ?

उत्तर : चार तुकड्यांचा घ्या. मी रॉड दुरुस्त करते, त्यामुळे कोणता रॉड कुठे दगा देतो हे रोज बघायला मिळतं. टेलिस्कोपिकमध्ये एक नळी दुसरीत सरकते. वाळूचे चार कण आत गेले की नळीला चरे पडतात, ती घट्ट बसेनाशी होते आणि मासा लागल्यावर आत घसरते. त्याचे गाइडही (दोरा ज्यांतून जातो त्या कड्या) बहुधा नळ्यांच्या टोकांनाच बसवलेले असतात. त्यामुळे वाक पडतो तिथे हवे तेवढे गाइड मिळत नाहीत, दोरा रॉडचा वाक सोडून सरळ ताणला जातो आणि जोर एकाच जागी येतो. तळ्यावर लहान माशांसाठी तो चालतो. वाळू आणि खारं पाणी असेल तिथे मी तो कुणालाच सुचवत नाही.

तुमच्या मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. मोडतो तो सैल झालेला सांधा. लूर फेकता फेकता वरचा तुकडा थोडा थोडा बाहेर सरकत जातो, आतली पकड निम्म्यावर येते आणि मग एखाद्या जोरदार फेकीला बाहेरची नळी तोंडाशी चिरते. ही चीर नळीच्या काठावरून सुरू होऊन लांबीच्या दिशेने जाते आणि केसाएवढी बारीक असते. डोळ्यांना दिसायच्या आधी नखाला लागते. पंधरा-वीस फेकींनंतर सगळे सांधे हाताने एकदा दाबून बघायची सवय लावा.

सांधे दोन तऱ्हेचे असतात. एकात वरचा तुकडा खालच्यावर टोपणासारखा चढतो. दुसऱ्यात एका तुकड्यातून बाहेर आलेला दांडा दुसऱ्यात शिरतो. यात जोडल्यावर दोन तुकड्यांमध्ये काही मिलिमीटर फट दिसते. ती दोष नाही, सांधा झिजेल तसा आत बसायला ठेवलेली जागा आहे. अशा सांध्याच्या नव्या रॉडलाच फट अजिबात नसेल तर मात्र तो नको. दोन्ही तऱ्हा चांगल्या निघतात. विकत घेताना रॉड पूर्ण जोडा, मूठ धरून हवेत झटका द्या. कुठूनही ‘टक’ असा आवाज आला किंवा सांध्यात हालचाल जाणवली, तर तो परत ठेवा. मग मुठीकडून एक डोळा मिटून बघा : सगळे गाइड एका रेषेत लावता यायला हवेत.

लांबीचा हिशेब असा. सात फूट म्हणजे साधारण २१३ सेंमी. चार तुकडे केले की ५३, आणि सांध्यात जाणारा भाग धरला तर एकेक तुकडा ५५-५७ सेंमीच्या आसपास. बऱ्याच विमान कंपन्यांची केबिन बॅगेची मर्यादा ५५ सेंमी असते, म्हणून रॉड बॅगेत तिरका ठेवावा लागेल. घरी बॅग उघडून आधी मोजा. गळ मात्र हातातल्या बॅगेत ठेवू नका, ते तपासणीत काढून घेतले जाऊ शकतात. फक्त खडकांवरूनच गरवणार असतात तर मी आठ-नऊ फुटी रॉड सांगितला असता, लांब फेक मिळते आणि दोरा खडकावर घासत नाही. पण खाडीच्या तोंडाशी झाडांच्या फांद्यांखालून फेकायचं, तर सात फूटच बरे.

१० ते ३० ग्रॅम हा आकडा लूरच्या वजनाचा आहे, माशाच्या नव्हे. असा रॉड १५ ते २५ ग्रॅमला सगळ्यात छान चालतो. आमिषासाठी ६० ग्रॅमचं शिसं बांधून पूर्ण ताकदीने फेकलंत, तर मासा लागायच्या आधीच रॉड जाईल. शिसंही ३० ग्रॅमच्या आतच ठेवा. दोऱ्याचंही तेच. ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, इतका बारीक असतो की ३० पौंडी भरायचा मोह होतो, पण रॉडवर १० ते २० पौंड लिहिलं असेल तर २० च्या वर जाऊ नका. रीळ (दोरा गुंडाळायची चरखी) ३००० किंवा ४००० मापाचं पुरे. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की रीळ किती जोरावर दोरा सोडेल ते, दोऱ्याच्या ताकदीच्या पाव भागावर लावा. २० पौंडी दोऱ्याला हे सव्वादोन किलो होतात. प्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा काटा जवळ असेलच. दोऱ्याचं टोक त्याला बांधून ओढा आणि कितीवर रीळ दोरा सोडू लागतं ते बघा. अंदाजाने लावलेला ड्रॅग बहुतेकांचा जास्तच घट्ट असतो, आणि तांबोशी किंवा जिताडा खडकाकडे धावतो तेव्हा ते फार महागात पडतं.

गाइडकडे दुर्लक्ष करू नका. आतलं कडं सिरॅमिकचं हवं, ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइड. हलक्या प्रतीच्या धातूच्या कड्यात ब्रेडने खाच पडते आणि मग तीच खाच दोरा कापते. टायटॅनियमचा सांगाडा गंजत नाही, पण तो महाग. स्टेनलेस स्टीलवर भागतं, फक्त गाइडचा पाय जिथे बांधणीच्या दोऱ्याच्या गुंडाळणीखाली शिरतो ती जागा नीट पाहा. तिथे वरच्या लेपाचा थर अखंड हवा. बारीक भोक राहिलं तरी खारं पाणी आत जातं आणि काही महिन्यांत तांबूस डाग वर येतो. दोन रॉडमध्ये अडलात तर जादा टिप (सगळ्यात वरचा तुकडा) बरोबर देणारा घ्या, प्रवासात सगळ्यात आधी टिपच तुटते.

प्रश्न : माझ्या तुकड्यांच्या रॉडचा मधला सांधा अडकून बसलाय. पिळला तरी सुटत नाही.

उत्तर : पिळणं लगेच थांबवा, आणि गाइडला धरून तर मुळीच जोर लावू नका. उकिडवे बसा, रॉड गुडघ्यांच्या मागून आडवा घ्या, हात गुडघ्यांच्या बाहेरून सांध्याच्या दोन्ही अंगाला धरा आणि गुडघे हळूहळू फाकवा. ओढ सरळ रेषेत जाते, त्यामुळे नळी वाकत नाही. नाहीच निघाला तर कुणाला तरी समोर बसवा. दोघांनीही आपला एकेक हात प्रत्येक तुकड्यावर ठेवायचा आणि एकदम ओढायचं. सुटल्यावर दोन्ही भाग गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करा. आत बहुधा मीठ किंवा वाळू सापडेल. मग आत जाणाऱ्या भागावर साध्या मेणबत्तीचं मेण अगदी हलकं फिरवा. इथून पुढे रॉड ओला असताना कापडी पिशवीत घालू नका, आणि जोडलेला तसाच रात्रभर ठेवू नका.