माणसामाणसांमधली जागा

प्रिय मुली,

तुझा संशोधन आराखडा दोनदा वाचला. आधी कौतुकाने, मग पेन्सिल हातात घेऊन. नेतृत्व, मनःस्वास्थ्य आणि हवामानबदल अशा तिन्ही विषयांना तू एकेक प्रकरण दिलं आहेस, आणि माझी हरकत तिथेच आहे. तीन विषय शेजारी शेजारी मांडले म्हणून काम आंतरविद्याशाखीय होत नाही. ते एकमेकांत कुठे गुंतलेत, तो सांधा आधी शोधायला हवा.

मला तो कुठे दिसतो, ते सांगते. १२५ देशांतल्या सुमारे १ लाख ३० हजार लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. हवामानबदल रोखण्यासाठी दर महिन्याच्या उत्पन्नातला १ टक्का द्यायला ६९ टक्के लोक तयार होते. मग त्यांनाच विचारलं, तुमच्या देशातले किती जण तयार असतील? सरासरी अंदाज आला ४३ टक्के. या दोन आकड्यांमधली जागा नीट बघ. बहुसंख्य लोक तयार आहेत, आणि तरीही ‘माझ्यासारखे फार थोडे’ असं समजून गप्प बसले आहेत. त्यांचं गप्प बसणं पाहून शेजारचाही तेच समजतो. ही गोष्ट कुणा एकाच्या डोक्यात शोधून सापडणार नाही, ती माणसामाणसांमध्ये आहे. आपलं सामाजिक मानसशास्त्र आहे ते याच जागेचं शास्त्र.

आता मनःस्वास्थ्याकडे ये. १० देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १० हजार तरुणांचा २०२१चा अभ्यास तुझ्या संदर्भांत आहेच. त्यातला ५९ टक्के तरुण ‘फार किंवा अतिशय’ चिंतेत असल्याचा आकडा तू ठळक केलास. मी मात्र दुसऱ्या आकड्यापाशी थांबले. जे या विषयावर इतरांशी बोलले, त्यांतल्या जवळपास निम्म्यांना आपलं बोलणं दुर्लक्षिलं किंवा उडवून लावलं गेल्याचा अनुभव आला होता. शिवाय सरकारं पुरेसं करत नाहीत, आपल्याला फसवलं गेलंय, ही भावना आणि मनाचा त्रास हातात हात घालून येत होते. म्हणजे चिंतेइतकंच चिंतेतलं एकटेपणही मोजायला हवं.

हे मी स्वतः चुकून शिकले. सुरुवातीच्या काळात मी पर्यावरणासाठी काम करणाऱ्या तरुणांच्या एका गटाबरोबर मन शांत करण्याच्या पद्धतींचा कार्यक्रम राबवला. चिंतेचे गुण छान खाली आले आणि मी खूश झाले. काही महिन्यांनी परत गेले, तर गटाचं कामच थंडावलेलं. त्यातल्या एका मुलीने विचारलं, ‘ती काळजी खोटी होती का, की तुम्ही ती काढून घेतलीत?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या कार्यक्रमामुळेच काम थांबलं, असंही मी सिद्ध करू शकत नाही, कारण कामाची नोंद मी ठेवलीच नव्हती. काळजी कमी झाली की मन निरोगी झालं, हे गृहीतक तुझ्याही आराखड्यात पान चौदावर बसलेलं आहे. ते तिथून काढ.

आणि नेतृत्व? त्याची तू केलेली गुणांची यादी (दूरदृष्टी, आत्मविश्वास वगैरे) मला पटली नाही. कर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी १९३९ साली दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवर केलेला प्रयोग पुन्हा वाच. हुकूमशाही पद्धतीच्या गटात नेता खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं. लोकशाही पद्धतीच्या गटात ते बऱ्यापैकी चालू राहायचं. त्यांनी याला गटाचं ‘सामाजिक वातावरण’ म्हटलं. तुझ्या विषयात तो शब्द किती नेमका बसतो! नेत्याचं मोजमाप तो नसताना काय उरतं, यावर व्हायला हवं.

अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये घरांवर सौरपॅनेल बसवण्याच्या मोहिमेत प्रत्येक गावातले स्वयंसेवक शेजाऱ्यांना समजावत होते. ज्यांनी स्वतःच्या छपरावर पॅनेल बसवलं होतं, त्यांनी इतरांपेक्षा ६२.८ टक्के अधिक लोकांना तयार केलं. याचं कारण वक्तृत्व नव्हे. ‘याला हे खरंच पटलंय’ हे लोकांना त्यांच्या कृतीवरून कळलं. नेता म्हणजे मनातली तयारी सर्वांना दिसेल अशी करणारा पहिला माणूस, असं मी मानते. इथे तुझे तिन्ही विषय एका जागी येतात.

पद्धतीबद्दल एकच, पण आग्रहाने: प्रश्नावलीवर थांबू नकोस. ६३ देशांतल्या ५९ हजारांहून अधिक लोकांवर, त्यांना हवामानासाठी काही करायला प्रवृत्त करणारे ११ उपाय तपासून पाहिले गेले. समाजमाध्यमावर माहिती पसरवायला सर्वाधिक उद्युक्त केलं ते भीती आणि निराशा जागवणाऱ्या मजकुराने. पण त्याच अभ्यासात पडद्यावरचं कंटाळवाणं काम चिकाटीने केलं की खरोखरची झाडं लावली जाणार होती. ते काम एकाही उपायाने वाढलं नाही, काहींनी तर घटवलं. नुसतं मत किंवा नुसतं ‘शेअर’ मोजलं असतं, तर निष्कर्ष वेगळाच निघाला असता. तुझी ऐंशी प्रश्नांची प्रश्नावली तीसवर आण, आणि वाचलेल्या वेळात लोक प्रत्यक्ष काय करतात याची नोंद घे. निदान सहा महिने.

हवामानशास्त्रज्ञांबरोबर बसशील तेव्हा पहिले काही आठवडे फक्त शब्दांचे अर्थ जुळवण्यात जातील. ‘जोखीम’ त्यांच्यासाठी एक, आपल्यासाठी दुसरी. घाई करू नकोस.

मुलाखतींच्या ध्वनिफिती रात्री एकटीने ऐकत बसतेस, असं तू सहज लिहिलंस. ते मला आवडलं नाही. गटातल्या कुणाला तरी सोबत घे, आणि ऐकून झाल्यावर त्यावर बोला.

नवा आराखडा तीन पानांत पाठव. पहिल्या परिच्छेदात कोणाला कोणाबद्दल काय वाटतं, तेवढंच असू दे.

तुझी,
बाई